उजवा पाय

पहिल्या वर्षी बंदर स्पोर्ट्स क्लबच्या मुली फुटबॉलचे सहा सामने खेळल्या आणि सहाही हरल्या. बोईसरच्या संघाने तर त्यांच्यावर नऊ गोल केले. अख्ख्या लीगमध्ये बंदरच्या नावावर एकच गोल लागला, आणि तोही समोरच्या संघातल्या एका मुलीच्या गुडघ्याला आपटून आत गेला होता.

नालासोपाऱ्यात हार्डवेअरचं दुकान असलेल्या जितेंद्र राऊतने हा क्लब काढला होता. सोपारा एके काळी मोठं बंदर होतं, हे त्याला शाळेत कुणीतरी सांगितलं होतं आणि ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, म्हणून क्लबचं नाव बंदर. त्याची मुलगी ज्ञानदा अकरावीत होती, तिला खेळायचं होतं आणि स्टेशनच्या पश्चिमेला मुलींचा एकही संघ नव्हता. जितेंद्रने आजूबाजूच्या बिल्डिंगांमधून चौदा मुली जमवल्या, एका शाळेमागचं अर्धं मैदान मिळवलं (उरलेल्या अर्ध्यावर क्रिकेट चालायचं) आणि माणिकपूरच्या शाळेत पीटी शिकवणाऱ्या प्रिस्का मिसना कोच म्हणून आणलं. यापेक्षा चांगली निवड करता येण्यासारखी नव्हती. निदान सगळ्यांना तसं वाटलं होतं.

प्रिस्का मूळची भुईगावची, तुस्कानोंच्या घरातली. वडिलांची केळीची बाग. चर्चमधली रविवारची मिस्सा झाली की धर्मग्रामाच्या मैदानावर मुलांचा खेळ सुरू व्हायचा. एकदा भावाच्या संघात एक जण कमी पडला म्हणून नऊ वर्षांच्या प्रिस्काला उभं केलं, आणि त्यानंतर तिला कुणी बाहेर बसवलं नाही. तिचा डावा पाय देवाने वेगळा घडवला होता, असं गावातली म्हातारी माणसं म्हणायची. बॉल पायाला चिकटून चालायचा. कॉलेजात पहिल्याच वर्षी ती विद्यापीठाच्या संघात गेली, दोन वर्षं कर्णधार होती, पुढे मुंबईच्या एका क्लबकडून चार वर्षं खेळली. कुणी तिला फारसं काही शिकवलं नाही. गरजच पडली नाही. "प्रिस्का, तू फक्त खेळ," एवढंच सगळे कोच सांगायचे. मग क्लबने महिलांचा संघ बंद केला. प्रिस्काने शाळेतली नोकरी धरली, गॉडफ्रे डाबरेशी लग्न केलं, आणि दहा वर्षं ती मुलांकडून कवायत करून घेत राहिली.

म्हणून जितेंद्र विचारायला आला तेव्हा तिने चहा संपायच्या आत होकार दिला होता.

पण शिकवायला उभी राहिली आणि काहीच जमेना. ती बॉल घ्यायची, म्हणायची, "हे बघा, असं." आणि करून दाखवायची. मुली बघत राहायच्या. मग त्या करायच्या आणि बॉल तिसरीकडेच जायचा. प्रिस्का पुन्हा दाखवायची, पहिल्यापेक्षा जोरात सांगत. "असं. दिसतंय ना? असं." तिसऱ्यांदा चुकलं की तिचा आवाज चढायचा. घरी गेल्यावरही ती मुलींची नावं घेऊन चिडचिड करायची. एकदा गॉडफ्रे म्हणाला, "शाळेतल्या मुलांवर तू कधी अशी चिडत नाहीस."

"शाळेत मी फुटबॉल शिकवत नाही," ती म्हणाली.

लीग संपली त्या आठवड्यात संघाची कर्णधार अश्लेषा तिच्याशी बोलली. अश्लेषा बी.कॉम.ला होती. तिचं कुटुंब कणकवलीकडून येऊन नालासोपाऱ्यात स्थिरावलं होतं. मुलगी अंगाने दणकट, बोलायला शांत, मागे बचावात खेळणारी. सगळ्या मुली निघून गेल्यावर ती बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली, "मिस, एक सांगू? राग नका मानू."

"सांग."

"तुम्ही करता ते आम्हाला आवडतं बघायला. पण तुम्ही काय करता, ते आम्हाला कळत नाही. मला वाटतं, तुम्हालाही माहीत नसावं."

प्रिस्काला राग आला. मे महिन्यात ती कोचिंगच्या पहिल्या पायरीच्या लायसन्सच्या कोर्सला गेली. लेखी परीक्षा पास झाली आणि प्रात्यक्षिकात नापास. परीक्षक सौम्य माणूस होता. त्याने कागदावर लिहिलं होतं तेच तोंडाने सांगितलं: "मॅडम, तुम्ही उत्तम खेळाडू आहात. वीस मिनिटं तुम्हीच खेळलात. समोरच्या मुली काही शिकल्या नाहीत."

दोघांनी एकच गोष्ट सांगितली होती. वसईला परत येईपर्यंत तिने ती कुठल्या बाजूने खोटी ठरवता येते का, हे पाहिलं. येत नव्हती. घरी येऊन तिने बॅग ठेवली आणि गॉडफ्रेला म्हणाली, "उद्या मी चांदीपला जाऊन येते. मोहिते सरांकडे."

सदानंद मोहिते रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करायचे आणि संध्याकाळी कॉलेजात व्हॉलीबॉल शिकवायचे. मूळचे साताऱ्याचे. प्रिस्का कॉलेजात आली तेव्हा त्यांच्याकडे मुलींच्या संघात सहाच जणी होत्या, एकही राखीव नव्हती. ही उंच दिसली म्हणून त्यांनी हिला ओढून नेलं. फुटबॉलमधली ही राणी व्हॉलीबॉलमध्ये अगदीच ढ निघाली. समोरून आलेली सर्व्हिस तिच्या हातांवरून उडून बघणाऱ्यांच्या डोक्यावर जायची. सरांनी तिला दोन महिने बॉलला हात लावू दिला नाही. नुसतं उभं राहायचं, गुडघे वाकवायचे, पाय सरकवायचे. "हात शेवटी," ते म्हणायचे. "हात काही करत नाहीत. पाय तिथे पोचले की हात आपोआप पोचतात." ती घरी येऊन रडायची. वडील म्हणाले होते, "तुझा फुटबॉल आहे ना चांगला, मग कशाला जातेस तिकडे?" ती म्हणाली होती, "मला येत नाही म्हणून."

तिसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन फायनलला समोरच्या संघाने ठरवून प्रत्येक सर्व्हिस तिच्यावर टाकली. पाच सेटचा सामना कॉलेज हरलं, पण तिच्या हातून एकही रिसीव्ह चुकला नाही. फुटबॉलमधल्या कुठल्याही गोलपेक्षा तिला ती दुपार जास्त आठवायची.

सर आता बहात्तर वर्षांचे होते. निवृत्तीनंतर चांदीपला त्यांनी थोडी जमीन घेतली होती. प्रिस्का स्कूटर घेऊन पोचली तेव्हा ते दोडक्याच्या वेलांसाठी मांडवाला सुतळी बांधत होते.

"तुस्कानो," ते म्हणाले. लग्नानंतरचं आडनाव त्यांनी कधी वापरलं नाही. "बॉल कशाला आणलायस?"

तिने सगळं सांगितलं. नऊ गोल, अश्लेषा, परीक्षक. सरांनी सुतळीची गाठ मारून पूर्ण केली आणि मग बॉल उचलून तिच्या दिशेने टाकला. बॉल उसळत आला. तिने डाव्या पायाने तो मऊ थांबवला आणि त्याच हालचालीत बाजूला वळवला.

"हे कसं केलंस?"

"बॉल आला, थांबवला."

"ते मला दिसलं. त्याच्या आधी काय केलंस?"

तिने विचार केला. "काही नाही."

"उजवा पाय कुठे होता?"

तिला सांगता येईना. सरांनी पुन्हा बॉल टाकला, पुन्हा तेच विचारलं. चार वेळा झालं.

"तुला हे येत नाही," ते म्हणाले. "तुझ्याकडून हे होतं. दोन्हींत फरक आहे. आता मला सांग, व्हॉलीबॉलची सर्व्हिस कशी रिसीव्ह करतात?"

"मारणाऱ्याच्या खांद्याकडे बघायचं," प्रिस्का म्हणाली. "बॉलकडे नाही. डावा पाय अर्धं पाऊल पुढे. वजन पंजांवर. बॉल सुटला की आधी लहान पावलांनी त्याच्या मागे यायचं..." आणि ती बोलत राहिली. कोपर कुठे, अंगठे कसे, खांदा कोणत्या वेळी खाली न्यायचा. पंधरा वर्षांत तिने व्हॉलीबॉलला हात लावला नव्हता, तरी एकही पायरी सुटली नाही. बोलता बोलता ती थांबली, कारण सर हसत होते.

"हे तुला येतं," ते म्हणाले. "म्हणजे हे तू कुणालाही शिकवू शकतेस. आता हा बॉल उजव्या पायाने थांबव."

उजवा पाय तिने आयुष्यभर उभं राहायला आणि पळायलाच वापरला होता. बॉल आला, पायाला लागला आणि सरळ वांग्याच्या वाफ्यात गेला.

"हां," सर म्हणाले. "मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पण तुझा वर्ग इथून सुरू होतो. उजव्या पायाने शिक. जिथे चुकेल तिथे थांब, आणि का चुकलं ते शब्दांत सांग. शब्द सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही."

"घरी करते."

"घरी कशाला? मुलींसमोर कर."

हे सगळ्यात कठीण होतं. पुढच्या मंगळवारी प्रिस्काने मुलींना अर्धवर्तुळात उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून मी डावा पाय वापरणार नाही. मला उजव्याने काही येत नाही. आपण एकत्र शिकू. माझं चुकलेलं जिला दिसेल तिने बोलायचं."

ज्ञानदाने पहिला बॉल दिला. तो प्रिस्काच्या पायाखालून निसटून क्रिकेटच्या पिचवर गेला. एक-दोघी हसल्या. तिकडची मुलंही बघायला लागली. प्रिस्का स्वतः जाऊन बॉल घेऊन आली. "पुन्हा."

पूर्ण पावसाळा असा गेला. मैदानात पाणी साचलं की त्या शाळेच्या पत्र्याच्या शेडखाली चिकटून उभ्या राहायच्या आणि दोन-दोन मीटरवरून पास करायच्या. पहिले काही आठवडे मुली मिसची चूक सांगायला लाजायच्या. मग हळूहळू त्यांचे डोळे उघडले. "मिस, घोटा सैल पडतोय." "मिस, तुम्ही बॉल आल्यावर वळताय, आधी वळा." जे मिसच्या पायात दिसलं ते त्यांना स्वतःच्या पायातही दिसू लागलं. शब्दही मुलींनीच शोधले. पास घेण्याआधी अंग मैदानाकडे मोकळं ठेवायचं, याला अश्लेषाने 'दार उघडणं' म्हटलं, आणि तेव्हापासून मैदानभर "दार उघड, दार उघड" असं ऐकू येऊ लागलं. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना काही कळायचं नाही.

प्रिस्का आठवड्यातून एकदा चांदीपला फोन करायची. सर एवढंच विचारायचे, "नवीन काय सांगता येतं?" आणि ती सांगायची.

नोव्हेंबरात लीग सुरू झाली. पहिला सामना बंदर एक-शून्यने हरला. मुली खूश होत्या, कारण एकच गोल झाला होता. जितेंद्र खूश नव्हता. दुसऱ्या सामन्याच्या सकाळी त्याने यादी पुढे केली. पंधरावं नाव प्रिस्काचं होतं.

"वयाची अट नाही, मॅडम," तो म्हणाला. "खुली लीग आहे. बोईसरच्या कोचसुद्धा गेल्या वर्षी खेळल्या. पाठोपाठ आठ सामने हरलो तर मुलींचे आईबाप विचारणार, कशाला पाठवायचं? आज जिंकलं पाहिजे."

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण बूट बॅगेत होते, पाय शिवशिवत होते आणि जितेंद्रचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. हाफटाइमला शून्य-शून्य असताना ती मैदानात उतरली. पंचेचाळीस मिनिटांत तिने तीन गोल केले, तिन्ही डाव्या पायाने. बंदरचा पहिला विजय. मुलींनी तिला उचलून घेतलं, जितेंद्रने सगळ्यांना मिसळपाव खाऊ घातला.

मंगळवारी सरावाला तिने दोन संघ पाडले आणि स्वतः एकात उभी राहिली. दहा मिनिटांत तिच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. जिच्या पायात बॉल यायचा ती मान वर करून मिसला शोधायची. ज्ञानदा उजव्या बाजूला मोकळी उभी होती, तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं आणि तीही मागत नव्हती. प्रिस्काने खेळ थांबवला.

"काय झालंय तुम्हाला?"

अश्लेषा पुढे आली आणि म्हणाली, "मिस, रविवारी दुसऱ्या हाफमध्ये ज्ञानदाच्या पायाला बॉल चार वेळा लागला. पहिल्या हाफमध्ये तेवीस वेळा. मी मागून मोजत होते."

"आपण जिंकलो ना पण?"

"तुम्ही जिंकलात."

ते तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. प्रिस्काने शिट्टी गळ्यातून काढली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "मी परत उतरणार नाही. यादीत नाव असलं तरी नाही." त्या संध्याकाळी तिने जितेंद्रलाही दुकानात जाऊन हेच सांगितलं. तो खिळ्यांचं वजन करत होता. "हरलो तर?" त्याने विचारलं. "हरू," ती म्हणाली. "पण त्या हरतील. मग त्याच जिंकतील."

पुढच्या तीन सामन्यांत एक विजय मिळाला, एक बरोबरी झाली, एक पराभव. विजय दोन-एकचा होता आणि त्यातला एक गोल ज्ञानदाचा. शेवटचा सामना राहिला होता, बोईसरशी.

त्या रविवारी बंदरकडे बाराच मुली होत्या. दोघींच्या परीक्षा होत्या. बोईसरने विसाव्या मिनिटाला गोल केला. त्यानंतर मात्र त्यांना फार काही जमलं नाही, कारण अश्लेषा मागून प्रत्येकीला जागेवर ठेवत होती. हाफटाइमनंतर बंदरच्या एका मुलीचा घोटा मुरगळला आणि एकमेव राखीव मुलगी आत गेली. सत्तराव्या मिनिटाला दुसरीच्या पोटरीत गोळा आला. तिला उभंही राहता येईना. दोघींनी धरून तिला बाहेर आणलं.

रेफरी लाइनपाशी आला. त्याने यादीकडे बघितलं. "बदली खेळाडू आहे तुमच्याकडे. पंधरा नंबर."

जितेंद्र प्रिस्काच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला. मैदानातल्या दहाही मुली तिच्याकडे बघत होत्या. एक-शून्य. वीस मिनिटं. प्रिस्काला माहीत होतं की बोईसरच्या बचावातली डावीकडची मुलगी दमलीय आणि तिच्या मागे केवढी जागा पडलीय. त्या जागेतून कसं जायचं, हे तिच्या पायाला ती उभी होती तिथूनच कळत होतं. दोन गोल तरी झाले असते.

"पंधरा नंबर खेळणार नाही," ती म्हणाली. "दहा जणी खेळतील."

"मॅडम," जितेंद्र हलकेच म्हणाला.

"दहा जणी खेळतील, जितेंद्रभाऊ."

तिने अश्लेषा आणि ज्ञानदा दोघींना लाइनपाशी बोलावलं. तिच्याकडे अर्धं मिनिट होतं. पूर्वी ती म्हणाली असती, तिकडून घुस. आता तिने एकेक पायरी सांगितली. "अश्लेषा, चार जणींना मागे ठेव, त्यांना मधून येऊ देऊ नकोस, कडेने येऊ दे. ज्ञानदा, तू बॉलकडे जाऊ नकोस. त्यांच्या डाव्या बाजूची मुलगी दमलीय, तिच्यापासून पाच पावलं लांब थांब. अश्लेषाने मान वर केली की आधी दार उघड, मग पळ. बॉल पुढे पडेल. पहिला स्पर्श लांब, दुसरा गोलकडे. तिसरा करू नकोस."

"बॉल उजव्या पायावर आला तर?" ज्ञानदाने विचारलं.

"मग त्याच पायाने मार. मी तुमच्यासमोर शंभर वेळा चुकलेय त्यात, तुला सगळ्या चुका पाठ आहेत."

ज्ञानदा हसली आणि आत गेली.

पहिल्यांदा अश्लेषाचा पास छोटा पडला. दुसऱ्यांदा ज्ञानदा लवकर पळाली आणि ऑफसाइड झाली. प्रिस्का लाइनवर उभी राहून काही ओरडली नाही. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला अश्लेषाने बॉल अडवला, मान वर केली, आणि ज्ञानदा बॉल सुटायच्या क्षणभर आधी वळली. बॉल तिच्या पुढे पडला. एक लांब स्पर्श. गोलकीपर बाहेर आली. दुसरा स्पर्श फारसा देखणा नव्हता, बॉल उसळत गेला, खांबाच्या आतल्या बाजूला लागला आणि आत गेला.

उरलेली बारा मिनिटं बोईसरचा संघ बंदरच्या गोलसमोरून हलला नाही. सहा कॉर्नर झाले. एकदा बॉल वरच्या दांडीवर आपटला. अश्लेषाने एक बॉल डोक्याने काढला, एक छातीने, आणि एकदा तर ती गोलच्या रेषेवर आडवी पडली. शिट्टी वाजली तेव्हा ती तिथेच मातीत बसून राहिली. प्रिस्का तिच्याजवळ गेली आणि शेजारी बसली.

"मिस, मला वाटलं तुम्ही उतराल," अश्लेषा म्हणाली.

"मलाही वाटलं होतं."

बंदरचा संघ सातांत चौथा आला. चषक नव्हता, पदकं नव्हती. मार्चमध्ये प्रिस्का लायसन्सच्या प्रात्यक्षिकाला पुन्हा बसली. या वेळी परीक्षक दुसरा होता. वीस मिनिटांत तिने बॉलला तीनदाच पाय लावला, आणि ज्या मुलीला पास थांबवता येत नव्हता तिच्याजवळ ती सहा मिनिटं थांबली. ती पास झाली. मोहिते सरांना तिने फोन करून कळवलं, तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. पुढच्या लीगमध्ये मला तुझा सामना बघायला घेऊन जा. हा खेळ नक्की कसा खेळतात, ते आता समजून घेतो."

यंदा क्लबमध्ये एकतीस मुली आहेत. ज्ञानदा विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. जितेंद्रने ती बातमी दुकानाच्या काउंटरवर काचेखाली लावलीय आणि खिळे घ्यायला आलेल्या माणसालाही तो ती वाचून दाखवतो. वरच्या लायसन्सच्या कोर्ससाठी प्रिस्का पंधरा दिवस बाहेरगावी जाणार आहे. तेवढे दिवस बारा-तेरा वर्षांच्या नव्या मुलींचा सराव कोण घेणार, असा प्रश्न निघाला. अश्लेषाला आता एका सीएच्या ऑफिसात नोकरी लागलीय. ती म्हणाली, "मी घेते. सकाळी साडेसहाला."

"सुरुवात कशापासून करशील?" प्रिस्काने विचारलं.

"आधी बघते, त्यांना काय येत नाही," अश्लेषा म्हणाली, आणि बॉलची जाळी खांद्यावर टाकून मैदानाकडे निघाली.